रोकोको काळातली रूपकात्मक पोर्सेलिन पुतळी कशी वाचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात फूल, पायाशी कुत्रा, खाली सोनेरी वळणांची बैठक. अशा पुतळ्यांचे फोटो मला सतत येतात. कुणी जर्मनीत नोकरीला असताना रविवारच्या जुन्या बाजारातून पुतळी घेतलेली असते, कुणाच्या आजेसासऱ्यांनी ती विलायतेहून आणलेली असते, कुणी संग्रहालयात काचेपलीकडून टिपलेली असते. 'ही नक्की कोण?' हा प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच. खालची उत्तरं त्या पत्रांमधूनच जमली आहेत. उदाहरणं बहुतेक जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या माइसेन कारखान्याची आहेत, कारण पोर्सेलिनच्या पुतळीची ही भाषा प्रामुख्याने तिथे घडली आणि युरोपातल्या बाकीच्या कारखान्यांनी ती उचलली.

१. रूपकात्मक पुतळी म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो: निर्जीव वस्तू किंवा नुसती कल्पना माणसासारखी वागू लागते. ही पुतळी म्हणजे मातीत घडवलेला तोच अलंकार. वसंत ऋतू, अग्नी, ऐकण्याची शक्ती, न्याय, आशिया खंड यांना चेहरा नसतो. शिल्पकार त्यांना शरीर देतो, हातात एखादी वस्तू देतो, पायाशी एखादा प्राणी बसवतो. नाव सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. ते त्या वस्तूवरून आणि प्राण्यावरून ओळखायचं.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, पीठावरचं लांछन पाहावं लागतं: बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. विष्णूच्या चोवीस मूर्ती तर चार हातांतल्या आयुधांच्या क्रमावरून वेगळ्या करतात. ज्याला अशी नजर आहे त्याचं निम्मं काम झालेलंच असतं. फक्त खुणांचे अर्थ दोन्हीकडे सारखे नाहीत. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

२. रोकोको म्हणजे कोणता काळ? पुतळीवर तो कसा ओळखायचा?

ढोबळमानाने १७३० ते १७७०. शिंपले आणि खडक यांच्या वेड्यावाकड्या नक्षीला फ्रेंचमध्ये 'रोकाय' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. पुतळीत दोन गोष्टी पाहा. शरीर सरळ उभं नसतं. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, जणू ती आत्ताच वळली. आणि बैठक. माइसेनच्या सुरुवातीच्या पुतळ्या बहुतेक साध्या उंचवट्यावर उभ्या असतात, त्यावर मातीचीच पानंफुलं चिकटवलेली. पुढे, १७५० च्या आसपास, बैठकीच्या कडेला सोनेरी वळणं येऊ लागतात. पुढची पायरी म्हणजे सरळ रेषांची, ग्रीक वळणाची बैठक. ती दिसली की रोकोको ओसरला असं समजा.

३. पोर्सेलिन आणि आपल्या लोणच्याच्या बरणीची चिनी माती एकच का?

नाही. मराठीत दोन्हींना 'चिनी माती' म्हणतात म्हणून घोळ होतो. बरणी जाड, अपारदर्शक. अस्सल पोर्सेलिनमध्ये केओलिन ही पांढरी माती लागते, ते सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात, आणि पातळ भागातून उजेड आरपार दिसतो. चीनमध्ये ही विद्या शतकानुशतकं होती. युरोपात ती १७०८ च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये चिर्नहाउस आणि ब्योटगर यांच्या प्रयोगांतून साधली आणि १७१० मध्ये सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने माइसेनच्या किल्ल्यात कारखाना काढला. या पानावर मी 'पोर्सेलिन' हाच शब्द ठेवला आहे.

४. या पुतळ्या कशासाठी बनवत? शोकेससाठी?

अर्थ लावण्याच्या दृष्टीने मला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो, म्हणून थोडं सविस्तर.

या पुतळ्या सुरुवातीला कपाटासाठी नव्हत्या, जेवणाच्या टेबलासाठी होत्या. दरबारी मेजवानीत शेवटी गोडाधोडाची पंगत असे. त्या टेबलावर पूर्वी साखरेच्या आणि मेणाच्या मूर्ती मांडत. आपलं रुखवत आठवा: साखरेची झाडं, मिठाईचं तुळशीवृंदावन, पाहुण्यांनी भोवती फिरून कौतुक करायचं. साखरेच्या मूर्ती टिकत नाहीत, त्यांची जागा पोर्सेलिनने घेतली. म्हणून दरबारात या पुतळ्यांचा सांभाळ मिठाईखान्याकडे असे. मेजवानी ठरली की त्या बाहेर निघत. टेबलावर आरसे मांडून तळी बनत, रंगीत साखरेने बागेचे वाफे आखले जात, अगदी रांगोळी भरावी तसे, आणि त्या बागेत पुतळ्या उभ्या राहत.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, पुतळी चारही बाजूंनी पाहायची असते, त्यामुळे पाठीमागेही खुणा असू शकतात. फोटो पाठवताना लोक नेमकी पाठ विसरतात. दोन, ती बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर असे, वरून पाहायची नव्हती. टेबलावर ठेवून खुर्चीत बसून पाहा, चेहऱ्याचा भाव बदलतो. तीन, ती एकटी नसे. शेजारी तिच्या बहिणी असत आणि पाहुण्यांनी त्यांच्यातलं नातं ओळखावं, त्यावर गप्पा रंगाव्यात, अशी अपेक्षा असे. सॅक्सनीचा मंत्री ब्र्यूल याच्यासाठी १७३७ ते १७४२ या काळात माइसेनने घडवलेला 'हंस' संच दोन हजारांहून जास्त नगांचा होता, आणि त्याची सगळी सजावट पाण्याभोवती फिरते: हंस, शिंपले, जलदेवता. अशा टेबलावरची एखादी जलपरी उचलून आपण शोकेसमध्ये ठेवतो आणि मग विचारतो, हिचा अर्थ काय. एक ओवी कापून हातात दिल्यासारखं आहे ते.

५. पुतळी हातात आल्यावर सुरुवात कुठून करायची?

चेहऱ्यापासून करू नका. चेहरे गोड असतात आणि काहीच सांगत नाहीत. आधी हात पाहा, मग पाय आणि बैठक, मग डोकं, शेवटी कपडे.

हातात काय आहे हे तर पाहाच, पण हात त्या वस्तूचं काय करतोय हे त्याहून महत्त्वाचं. फूल नाकाशी नेलं असेल तर गंध, टोपलीतून उधळलं जात असेल तर वसंत. बासरी ओठाला लावली असेल तर बहुतेक श्रवण. बासरी नुसतीच काखेत असेल तर मेंढपाळ. पायाशी आणि बैठकीवर छोटे प्राणी, फळं, शस्त्रं, कधी पुस्तकं असतात. ती जागा भरायला टाकली आहेत असं वाटतं, पण बहुधा दुसरा पुरावा तिथेच असतो. डोक्यावर मुकुट, पिसं, कणसांचा गजरा किंवा हत्तीचं मस्तक असू शकतं. कपडे शेवटी, कारण त्यांतून फक्त ढोबळ फरक कळतो: अंगावर सैल, उडतं वस्त्र आणि अनवाणी पाय असतील तर देवता किंवा रूपक, घेरदार झगा आणि टाचांचे बूट असतील तर त्या काळातली खरी बाई, निदान वरवर तरी.

एका खुणेवर निकाल देऊ नये. दोन खुणा जुळल्या तर नाव घ्यावं.

६. खुणांचा एखादा कोश होता का?

होता. इटलीच्या चेझारे रिपा याने 'इकोनोलोजिया' नावाचा ग्रंथ १५९३ मध्ये रोममध्ये काढला. १६०३ च्या आवृत्तीत चित्रं आली. न्याय कसा दाखवायचा, आळस कसा, आशिया कसा, सगळं अकारविल्हे. पुढची दीडशे वर्षं युरोपभरचे चित्रकार आणि शिल्पकार त्याचे अनुवाद आणि नकला वापरत राहिले. खुद्द रोकोको काळात, १७५८ च्या सुमारास, आउग्सबुर्गमध्ये हेर्टेल या प्रकाशकाने त्याची नवी सचित्र आवृत्ती काढायला घेतली, आणि तिच्यातली चित्रं पूर्ण रोकोको वळणाची आहेत.

पण मूळ ग्रंथ उघडून तंतोतंत जुळणी शोधू नका. माइसेनचा मुख्य शिल्पकार योहान योआखिम केंडलर (१७३१ मध्ये रुजू, १७७५ मध्ये निधन) आणि त्याचे सहकारी एबरलाइन, राइनिके यांच्यापुढे बहुधा छापील चित्रं असत, आणि ती चित्रंही कुणा तिसऱ्याने बदललेली. शिवाय मिष्टान्नाच्या टेबलाला न शोभणारं गाळलं जाई. रिपाच्या 'अमेरिके'च्या पायाशी बाणाने भोसकलेलं माणसाचं मुंडकं आहे. मी पाहिलेल्या पोर्सेलिनच्या अमेरिकांच्या पायाशी मगर आहे, पोपट आहे, फळं आहेत. मुंडकं नाही.

७. नेहमी येणारे संच कोणते?

चार ऋतू, चार तत्त्वं, चार खंड आणि पाच ज्ञानेंद्रियं. तुमच्या हातातली पुतळी यांपैकी एकात बसण्याची शक्यता बरीच आहे.

ऋतूंत वसंत म्हणजे फुलांची देवता फ्लोरा, उन्हाळा म्हणजे कणसं आणि विळा घेतलेली धान्याची देवता सेरेस, शरद म्हणजे द्राक्षं आणि पेला घेतलेला मद्याचा देव बाकस, हिवाळा म्हणजे शेगडीवर हात शेकणारा म्हातारा. तत्त्वांत अग्नीला ज्वाळा, वायूला पक्षी किंवा मोरासह देवांची राणी जुनो, जलाला मासा किंवा डॉल्फिन, पृथ्वीला फळांनी भरलेलं शिंग किंवा सिंह. इंद्रियांत दृष्टीला आरसा, श्रवणाला वाद्य, गंधाला फूल, चवीला फळ, आणि स्पर्शाला बोटाला चावणारा पोपट. खंडांविषयी प्रश्न ११ आणि १२ मध्ये.

याखेरीज सद्गुण येतात: तराजू आणि तलवार असलेला न्याय, नांगर (जहाजाचा, शेताचा नव्हे) घेतलेली आशा, मुलांना कवेत घेतलेली करुणा. पंख, विळा आणि वाळूचं घड्याळ घेतलेला म्हातारा म्हणजे काळ.

८. माझ्या पुतळीजवळ शेगडी आहे. एक जण हिवाळा म्हणतो, दुसरा अग्नी. खरं कोण?

प्रश्न ७ मधली यादी पाठ केली की पुढची अडचण हीच येते, कारण संच एकमेकांत शिरतात. शेगडी हिवाळ्याची आणि अग्नीची. फूल वसंताचं आणि गंधाचं. कणसं उन्हाळ्याची आणि पृथ्वीची. फळं शरदाची आणि चवीची. एवढ्यावर दोघंही बरोबर असू शकतात.

मग नजर शरीरावर न्यायची. ज्याला थंडी वाजते तो हिवाळा. अंगावर जाड पांघरूण, खांदे आवळलेले, हात शेकोटीकडे. अग्नीला थंडी वाजत नाही. तो ताठ असतो, ज्वाळा हातात मिरवतो, त्याच्याजवळ पालीसारखा दिसणारा सॅलमॅंडर असतो, कारण हा प्राणी आगीत जगतो असा जुना समज. तसंच फुलांचं: गंधाचे डोळे बरेचदा अर्धे मिटलेले, फूल नाकाजवळ, पायाशी हुंगण्यात पटाईत असलेला कुत्रा. वसंताला हुंगायला वेळ नाही, ती वाटत सुटलेली असते. चवीजवळ माकड असू शकतं. शरदाजवळ बोकड किंवा द्राक्षवेल.

आणि कधी शिल्पकाराला दोन्ही अर्थ हवे असतात. ऋतू आणि तत्त्वं यांच्या जोड्या लावण्याची जुनी रीत आहे: वसंत आणि वायू, उन्हाळा आणि अग्नी, शरद आणि पृथ्वी, हिवाळा आणि जल. उन्हाळ्याच्या बाईजवळ ज्वाळा दिसल्या तर गोंधळू नका.

९. आपल्याकडे सहा ऋतू आणि पाच महाभूतं. मग संचातल्या दोन पुतळ्या हरवल्यात का?

नाही, संच पूर्ण आहे. युरोपात ऋतू चार, आणि ग्रीक विचारातून आलेली तत्त्वंही चार. आकाशाची पुतळी शोधू नका. खंडसुद्धा तेव्हा चारच धरत. इंद्रियं मात्र दोन्हीकडे पाचच. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांच्याशी त्यांची जुळणी आपल्याला सहज लागते.

ओळखीचे प्राणी जास्त फसवतात. मोर दिसला म्हणून सरस्वती किंवा कार्तिकेयाकडे मन धावतं, इथे तो जुनोचा आणि तिच्यामार्फत वायूचा. घुबड लक्ष्मीचं नाही, बुद्धीची देवता मिनर्व्हा हिचं आहे. साप आरशासोबत आला तर तो विवेक, धोका नव्हे. आणि हत्ती पाहून भारत म्हणू नका. रूपकांच्या या भाषेत हत्तीचं मस्तक आफ्रिकेच्या डोक्यावर असतं.

१०. आरसा म्हणजे गर्व ना?

कधीकधी. तोच आरसा दृष्टीचा, प्रेमदेवता व्हीनसचा, सत्याचा आणि विवेकाचाही आहे. विवेकाच्या आरशासोबत साप येतो. व्हीनसजवळ कबुतरं किंवा पंखवाला क्युपिड. दृष्टीजवळ गरुड किंवा दुर्बीण. गर्व म्हणायला मी सगळ्यात शेवटी तयार होतो: गोडाच्या टेबलावर पाहुण्यांना उपदेश करणारी पुतळी यजमान कशाला ठेवेल?

११. 'आशिया'ची पुतळी म्हणजे भारत का?

अनेकांना तसं वाटतं, कारण तिच्याजवळ सुगंधी धुपाचं पात्र असतं, कधी मसाल्यांच्या फांद्या, डोक्यावर फुलं किंवा फेटा. पण तिचा प्राणी उंट आहे. रिपाच्या ग्रंथातही उंटच. ही आशिया बरीचशी तुर्कस्तान, अरबस्तान आणि इराण यांच्याबद्दलच्या ऐकीव गोष्टींतून उभी राहिली आहे. भारत तिच्यात आहे, पण मिरी आणि लवंगेच्या रूपाने.

सॅक्सनीच्या दरबाराला भारताची कल्पना नव्हती असं मात्र नाही. माइसेन सुरू करणाऱ्या याच ऑगस्टसकडे योहान मेल्खिओर डिंगलिंगर हा सोनार होता. त्याने १७०१ ते १७०८ या काळात सोनं, मीना आणि रत्नांचा एक दरबार घडवला: मोगल बादशहा औरंगजेबाचा वाढदिवस, शंभराहून अधिक छोट्या आकृत्यांसह. तो आजही ड्रेस्डेनच्या 'हिरव्या तिजोरी'त आहे. मी हे वाचलं तेव्हा तारखा पुन्हा तपासल्या. डिंगलिंगर तिकडे बादशहाचं वैभव रत्नांत जडवत होता, त्याच वर्षांत खरा औरंगजेब मराठ्यांचे किल्ले घेता घेता थकत चालला होता, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला. दरबार पूर्ण झाला तेव्हा ज्याचा वाढदिवस होता तो खुलताबादच्या मातीत होता.

हे पोर्सेलिन नाही, पण 'आशिया' वाचताना मला त्याचा उपयोग होतो. पूर्वेचं वैभव दाखवणारा हा शिल्पकार पूर्वेला आलेला नव्हता.

१२. 'आफ्रिका' आणि 'अमेरिका' अर्धनग्न, 'युरोप' मात्र मुकुट घालून. हे आज शोकेसमध्ये ठेवावं का?

ठेवावं की नाही हे तुमचं. पण जे दिसतंय ते बरोबर दिसतंय, ते सौम्य करून सांगू नका.

संचात युरोप राणी असते: मुकुट, राजदंड, गोल, जवळ घोडा. आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीचं मस्तक, पायाशी सिंह. अमेरिकेला पिसांचा मुकुट, धनुष्य, मगर. एक राज्य करते, बाकीच्या पिकवतात आणि आणून देतात, हा क्रम मातीतच घडवलेला आहे. आता हा संच जिथे उभा असे ते टेबल डोळ्यांपुढे आणा (प्रश्न ४). त्याच टेबलावर अमेरिकेचं चॉकलेट होतं, आशियाचा चहा होता, कॉफी होती, आणि सगळ्यांत साखर होती. ती कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी पिकवलेली. पाहुणे ज्या चार बायकांकडे पाहत साखर खात होते, त्यांपैकी दोघींच्या लोकांनी ती साखर कोणत्या किमतीने दिली हे पुतळी सांगत नाही. हे वाचकाने आणायचं. माझ्या मते हा संच एकत्र ठेवला तरच हे दिसतं. एकटी आफ्रिका शोकेसमध्ये ठेवली की ती नुसती विदेशी शोभा होते.

१३. पंखवाली गुबगुबीत बाळं म्हणजे देवदूत का?

इथे सहसा नाही. पंख आणि धनुष्य असेल तर क्युपिड, म्हणजे मदन. पंख नसलेल्या बाळांना इटालियनमध्ये 'पुत्तो' म्हणतात. मोठ्यांनी करायची कामं या बाळांना करायला लावणं ही रोकोकोची लाडकी खोड: बाळंच ऋतू होतात, बाळंच तत्त्वं. त्यांचे अर्थ मोठ्या पुतळ्यांसारखेच लावायचे. केंडलरच्या काळात क्युपिडना वेगवेगळी सोंगं दिलेल्या पुतळ्याही निघाल्या. १७६४ मध्ये आलेल्या मिशेल व्हिक्टर आसिए या शिल्पकाराच्या क्युपिडांच्या बैठकीवर तर फ्रेंच बोधवाक्यच लिहिलेलं असतं. असं वाक्य असेल तर ते आधी वाचा, बाकीचा खटाटोप वाचेल.

१४. पुतळीच्या मागे झाडाचा बुंधा आहे. त्याचा अर्थ काय?

काही नाही, तो टेकू आहे. भट्टीत पोर्सेलिन मऊ होतं आणि सुमारे एक षष्ठांशाने आकसतं. दोन बारीक घोट्यांवर उभी बाई तिथेच बसकण मारेल, म्हणून तिला बुंध्याला टेकवतात. बैठकीखालचं भोकही हवा निघून जाण्यासाठी. अपवाद एकच: बुंध्याला द्राक्षवेल किंवा ओकची पानं मुद्दाम लावली असतील तर ती मोजा.

१५. निळा झगा, पिवळा झगा: रंगांना अर्थ असतो का?

फारसा नाही. एकाच साच्यातल्या पुतळ्या वेगवेगळ्या रंगांत मिळतात, काही तर पांढऱ्याच ठेवलेल्या. शरीर घडवणारा आणि रंगवणारा वेगळा असे. रंग काळाबद्दल सांगतात: १७४० च्या दशकात माइसेनचे लाल, काळे, पिवळे ठसठशीत; पुढच्या दशकात फिकट होत जातात.

१६. हात तुटलाय, किंवा हातात काहीच नाही. आता कसं ओळखू?

या पुतळ्या एकसंध घडत नाहीत. मूळ नमुना कापून डोकं, हात, पाय यांचे वेगळे साचे काढतात, आणि भाजण्यापूर्वी कारागीर ते पातळ मातीने जोडतो. हात आणि हातातली वस्तू सर्वात आधी मोडते, म्हणजे नेमकं नावच हरवतं.

मुठीत भोक असेल तर तिथे काठी, बाण किंवा फुलाचा देठ होता. तळहात वर आणि बोटं पसरलेली असतील तर त्यावर काहीतरी टेकलेलं होतं. मोडक्या जागेच्या खाली, झग्यावर किंवा बैठकीवर, झिलई नसलेला खरखरीत ठिपका शोधा. वस्तूचं दुसरं टोक तिथे चिकटलेलं असू शकतं. मग त्याच नमुन्याची दुसरी प्रत संग्रहालयांच्या सूचीत शोधायची.

तुटलेल्यापेक्षा दुरुस्त केलेला हात जास्त घातक. विळा मोडला म्हणून कुणीतरी फूल बसवलं, आणि उन्हाळ्याचा वसंत झाला. अतिनील दिव्याखाली पाहा: नंतरचा रंग आणि भरणी मूळ झिलईपेक्षा वेगळी चमकते. कणसांचा गजरा घातलेल्या बाईच्या हातात गुलाब असेल तर मी गजऱ्यावर विश्वास ठेवेन. डोकं सहसा बदलत नाहीत.

१७. मेंढपाळीण, पिंजरा घेतलेली मुलगी, पग कुत्रा घेतलेली बाई: यांनाही रूपक म्हणायचं का?

काटेकोरपणे नाही. त्या कुठल्या कल्पनेचं नाव धारण करत नाहीत. पण त्यांच्यात सूचक अर्थ भरपूर आहे.

मेंढपाळीण रेशीम नेसलेली आहे आणि तिच्या बुटांना चिखल नाही. ती खेड्याचं सोंग घेतलेली दरबारी बाई आहे. उघडा पिंजरा आणि उडालेला पक्षी, किंवा फुटलेली घागर, ही त्या काळच्या चित्रांत कौमार्य गमावल्याची सर्वपरिचित सूचना होती. बंद पिंजऱ्यातला पक्षी याच्या उलट, किंवा प्रेमात अडकलेलं मन. जवळ प्रियकर असेल तर अर्थ पक्का.

पगची गोष्ट निराळी. १७३८ मध्ये पोप बाराव्या क्लेमेंटने कॅथलिकांना फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळात जाण्यास बंदी केली. त्यानंतर जर्मन प्रदेशांत 'पगचा संप्रदाय' या नावाची मंडळी निघाली, तिच्यात बायकांनाही प्रवेश होता आणि निष्ठेची खूण पग हा कुत्रा. केंडलरच्या काही पग घेतलेल्या बायकांचा अर्थ याच संदर्भात लावतात. पण पग ही त्या काळची फॅशनही होती, त्यामुळे प्रत्येक पगमागे गुप्त मंडळ शोधू नये.

१८. तळाशी निळ्या तलवारी आहेत. म्हणजे ती अठराव्या शतकातलीच ना? नसेल तर अर्थ बदलतो का?

तलवारींवरून तसं ठरत नाही. एकमेकांना छेदणाऱ्या या दोन तलवारी माइसेनने १७२० च्या दशकापासून आजतागायत वापरल्या आहेत, आणि इतरांनी त्यांची नक्कलही केली. जुने नमुने माइसेनने एकोणिसाव्या शतकात पुन्हा भरपूर काढले. पॅरिसमध्ये १८४५ पासून सॅमसन यांनी जुन्या पुतळ्यांच्या प्रतिकृती केल्या. 'मेड इन जर्मनी' असं लिहिलेलं असेल तर पुतळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आधीची नाही.

खुणांचा अर्थ तोच राहतो, वापर बदलतो. १७५० ची 'शरद' टेबलावर इतर तिघींबरोबर बोलत होती. १८८० ची 'शरद' दिवाणखान्याच्या फडताळावर एकटी उभी राहण्यासाठीच विकली गेली.

१९. सगळं तपासलं, तरी खुणा जुळत नाहीत. असं होतं का?

होतं. जोडणी करताना तेच धड दुसऱ्या वस्तूसह वापरलं जाई, त्यामुळे मिश्र पुतळ्या खऱ्याच असतात. अशा वेळी कारखाना कोणता हे पाहा. जर्मनीतल्याच निम्फेनबुर्ग कारखान्याच्या फ्रान्झ आन्टोन बुस्टेलीचं (१७५४ ते १७६३) लक्ष शरीराच्या लयीवर असतं. फ्रान्सच्या सेव्हर कारखान्यात शिल्पकार फाल्कोने १७५७ पासून होता. तिथल्या पुतळ्या बहुतेक झिलईशिवाय, संगमरवरासारख्या पांढऱ्या. इंग्लंडच्या चेल्सी आणि डर्बीत मागे पानाफुलांची दाट जाळी उभी करतात. त्या फुलांवरून 'वसंत' ठरवू नका, ती हिवाळ्याच्या मागेही असते.

तरीही नाही जुळलं तर 'अनोळखी रूपक, हाती अमुक, पायाशी तमुक' असं लिहून ठेवा. संग्रहालयंसुद्धा असंच करतात.

२०. प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातला पोर्सेलिन संग्रह पहिला. लंडनला असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. आपल्याकडे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सेलिन आहे; आठवडी सुट्टी टाळून सकाळी जा, गर्दी कमी असते.

मुंबईत असाल तर नजर तयार करायला पोर्सेलिनची गरज नाही. हुतात्मा चौकातल्या १८६४ च्या कारंज्यावर उभी असलेली फ्लोरा हीच प्रश्न ७ मधली वसंताची देवता. आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर एक बाई आहे. तिच्या एका हातात मशाल आहे, दुसऱ्यात चाक. प्रश्न ५ मधल्या क्रमाने तिला वाचून पाहा.